आधी हिच्यावर बघा

देशमुखाच्या बाईनं माझी पापणी ज्वारीच्या चिपाडानं वर उचलली. बोटानं नाही. बोट लावलं असतं तर तिला आंघोळ करावी लागली असती. मी गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभी होते. चिपाडाचं टोक डोळ्यात घुसेल म्हणून श्वास धरला होता. बाईनं माझा डोळा नीट न्याहाळला आणि ओसरीवर बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अगदी आपल्या ताईसारखीच झापड हाय. हीच बरी."

बरी कशाला, ते मला कुणी सांगितलं नाही.

मी तेव्हा बारा वर्षांची असेन. परभणीजवळच्या झरीच्या वाटेवरचं आमचं गाव, वर निजामाचं राज्य. त्या महिन्यात गावची येसकरकी माझ्या बापाकडं होती. येसकरकी म्हणजे महारवाड्यातल्या एकेका घरानं आळीपाळीनं करायची गावचाकरी. वेशीवर राखण करायची, सांगावे पोचवायचे, लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं. ज्याच्याकडं येसकरकी, त्याच्या घरातलं माणूस कधीही, कशालाही मागायचा गावाला हक्क. त्या महिन्यात देशमुखानं चेहरा मागितला.

देशमुखाच्या लेकीची, ताईची, डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली. माझ्या दोन्ही तशा. तिचं लग्न जुळत नव्हतं. दोन ठिकाणची माणसं आली, मुलगी बघितली, जेवली आणि सुपारी न फोडता परत गेली. माझ्या पापण्यांचं आमच्यात कुणाला काहीच नव्हतं. माय लाडानं मला झोपाळू म्हणायची, तेवढंच.

देशमुखानं हैदराबादेहून जर्राह आणवला. जर्राह म्हणजे गळवं कापणारा, जखमा शिवणारा. पांढऱ्या दाढीचा, हळू बोलणारा म्हातारा होता. त्याची रीत अशी: पापणीची जास्तीची कातडी चिमटीत धरायची, बांबूच्या दोन पातळ कामट्यांत दाबायची आणि कामट्यांची टोकं दोऱ्यानं करकचून आवळायची. रक्त न मिळून ती कातडी आठ-दहा दिवसांत मरते, वाळते आणि कामट्यांसकट गळून पडते. पापणी वर ओढली जाते. चाकू लागत नाही.

देशमुख म्हणाला, "आधी हिच्यावर बघा."

जर्राहानं मान हलवली. "हर एक की पलक अलग रहती, देशमुखसाब. इसपे देखके उसका क्या मालूम होता?"

खरं तेच तो सांगत होता. पण गावात देशमुखापेक्षा कुणाला जास्त कळतं, असं अजून झालं नव्हतं.

माझे हात माझ्या बापानं धरले. त्याला तसं सांगितलं होतं. आज इतक्या वर्षांनी सांगतानासुद्धा माझा राग आधी देशमुखावर जातो की बापावर, हे मला ठरवता येत नाही.

जर्राहानं डाव्या पापणीची थोडी कातडी चिमटीत घेतली. देशमुख वाकून बघत होता. म्हणाला, "आणखी घ्या. अर्धवट काम नको."

"ज्यादा हो जाता, साब."

"घ्या म्हणलं ना."

त्यानं घेतली. दोरा आवळला. मी इतकी ओरडले की गोठ्यातली बैलं उठून उभी राहिली. जर्राह आत ताईला बघायला निघाला तेव्हा गड्यानं वरून पाणी ओतून त्याचे हात दोनदा धुवायला लावले.

दहा दिवस त्या कामट्या माझ्या डोळ्यावर लोंबत होत्या. ओढून काढू नये म्हणून हात मागं बांधलेले. माय भाकर भरवायची. कातडी आधी निळी पडली, मग काळी. मग वास सुटला. कुत्री जवळ येऊन तोंड हुंगायची आणि मला त्यांना हाकलताही यायचं नाही. रोज सकाळी गोठ्यात जाऊन डोळा दाखवायचा. ताई ओसरीच्या खांबाआड उभी राहून बघायची आणि स्वतःची पापणी चाचपायची. एकदा तिनं लांबूनच विचारलं, "लय दुखतंय का गं?"

"कळंल की तुमाला बी," मी म्हणाले.

ती रडत आत पळाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दहाव्या दिवशी कामट्या गळून पडल्या. पापणी वर गेली, ती गेलीच. मिटायला गेले तर अर्ध्यात अडकली. बुबुळाखालचं पांढरं तसंच उघडं. फुफाटा आत, माशा आत, पाण्याची धार दिवसभर. शेजारच्या बाया मला बघून लेकरांची तोंडं पदराखाली घ्यायला लागल्या. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा. तो मायच्या पलीकडं जाऊन झोपायला लागला. म्हणायचा, "ती निजली तरी मला बघायलीय."

देशमुखानं मला बोलावलं. म्हणाला, "मिट." मी जोर केला. मिटला नाही. त्यानं मोठा सुस्कारा टाकला.

"बरं झालं बाबा. ताईवर आधी केलं न्हाई."

त्याच्या बोलण्यात दुष्टपणाही नव्हता. नुसती सुटका होती. तेच मला जास्त झोंबलं. मग तो जर्राहाकडं वळला. "उजवा हाय की अजून. आता कातडी कमी धरून बघा."

माझा बाप म्हणाला, "जी, मालक." आणि माझे हात धरायला पुढं आला.

मला दिसत होतं ते त्या उजव्या डोळ्यानंच. तो एकच मिटत होता. तोही गेला तर माझ्याजवळ झोप म्हणून काही उरणार नव्हती. मी पळाले. वेशीकडं नाही, ओसरीकडं. पायरीशी देशमुखाच्या घरच्या पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. झाकण ढकललं आणि पाण्यावर हात धरला.

"कुणी बी पुढं आलं तर हात बुडवीन. मग ओसरीवर चढीन. चुलीपोतर जाईन."

सगळे जागच्या जागी थांबले. बाई किंचाळली. गड्यानं उचललेली काठी तशीच राहिली, कारण मारलं तर मी पाण्यातच पडणार होते.

"आगं, येसकरकी हाय आपल्याकडं!" बाप ओरडला.

"येसकरकी तुझ्याकडं हाय, बा. पापणी माझी हाय."

माझा डोळा गेला तर ज्यांचं काही जात नव्हतं, ती माणसं माझ्या तळहाताला भ्यायली. मला हसू येत होतं. विटाळ यांनीच काढला आणि भीतही हेच होते. एवढ्याशा गोष्टीवर यांचं सगळं राज्य उभं होतं आणि मला बारा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

जर्राहानं पेटी मिटली. "मैं इस बच्ची कू अब हात नै लगाता," म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर मी रांजणापासून हलले.

आमचं बलुतं बंद झालं. ओढ्याचं पाणीही बंद झालं. चौथ्या दिवशी आम्ही परभणीला आलो. मी आणि माय जिनिंगात सरकी वेचायला लागलो. उघड्या डोळ्यात कापसाचे तंतू बसायचे, ते माय जिभेनं काढायची.

पावसाळ्यानंतर चुलता सांगावा घेऊन आला. देशमुखानं माफ केलंय. पोरीनं पायरीला नाक घासायचं, मग येसकरकी परत. ताईसाठी औरंगाबादेहून दुसरा जर्राह येणार आहे, असंही तो बोलता बोलता म्हणाला. बाप गाठोडं बांधायला लागला. माझ्या धाकट्या भावाला म्हणाला, "चल रं, सदरा घाल."

मी दारात उभी राहिले.

"काका, सांगा त्यान्ला. येसकरकी सोडली. बाची सोडली, आन ह्या पोराची बी सोडली."

बापानं गाठोडं खाली आपटलं. "वाडवडलांचं हाय ते. सोडायचा हक्क तुला कुणी दिला?"

"कुणी न्हाई दिला," मी म्हणाले. "म्या घेतला."

आणि मी दारातून बाजूला झाले नाही.