आईचा बसलेला घसा

गल्लीत कुणाचंही बारसं असो, पाळणा म्हणायला बोलावणं माझ्या आईला. असा खणखणीत गळा की कोपऱ्यावरचा पानठेलेवालासुद्धा ऐकत राही. त्याच गळ्याची मला लाज वाटली, हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मला पाहायला पुण्याची मंडळी येणार होती. वडिलांनी शेजारचा सोफा आणला, कपबश्या आणल्या. तेवढं सगळेच करतात. पण आई काटोलकडच्या खेड्यातली, तिचं बोलणं सगळं 'मले-तुले'. लोक काय म्हणतील? युक्ती मीच काढली. बी.ए. झाले होते ना! म्हटलं, आईचा घसा बसलाय असं सांगू.

"माह्या घशाले काय झालं वं?" आईने विचारलं.

"काही नाही झालं. तू फक्त बोलू नको," मी म्हणाले.

नागपूरचा मे महिना, आणि आम्ही तिच्या गळ्याला लोकरी मफलर गुंडाळला! घामाने निथळत ती बिचारी माना डोलवत बसली. पाहुण्यांना शंका आली नाही, उलट कीव आली. लग्न ठरलं. सोफा संध्याकाळी शेजारी परत गेला.

घसा मात्र बसलेलाच राहिला. पुढे आई पुण्याला आली की गप्प. सासूबाई मनापासून ज्येष्ठमध उगाळून द्यायच्या, आणि ती मुकाट्याने चाटायची. सासूबाईंसारख्या साध्या बाईला आम्ही फसवत होतो, आणि कशासाठी? त्यांनी कधी कुणाच्या बोलण्याला नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही. खरं सांगून टाकायला काय जात होतं माझं? पण तोंड उघडलं नाही. मोठी अब्रूदार!

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी. बारशाला सासरची माणसं आली. गल्लीतल्या बायका आईकडे पाहत होत्या, आई माझ्याकडे. मी मान खाली घातली. सासूबाईंनीच पाळणा म्हटला. आई नुसती दोरी ओढत राहिली.

जेवणं आटोपून मंडळी लवंडली, तेव्हा आतल्या खोलीच्या लावलेल्या दारामागून बारीक आवाज आला. मी दार ढकललं. आई नातीवर वाकून पाळणा म्हणत होती, जेमतेम ओठांतल्या ओठांत. मला दारात पाहताच तिने तोंडावर पदर धरला.

"कोनी नाई आयकलं वं," ती घाबरून म्हणाली. "दार लावूनच म्हनून राहिली होती."