लॅपटॉपचा सेल आणि वीबेचं अभिनंदन

हार्लिंगन या डच गावचा निवृत्त बोटकप्तान वीबे स्वतःला वेळेचा पक्का म्हणवायचा. त्याचा जुना लॅपटॉप मात्र रोज सुरू होताना २००८ सालात जाऊन बसायचा. "याचं वय झालंय, काही लक्षात राहत नाही," असं तो गल्लीभर सांगत फिरायचा.

आज सकाळी त्यानं लॅपटॉप उघडून आतला घड्याळाचा सेल बदलला. एक स्क्रू उरला, तो गुपचूप खिशात गेला. तारीख मात्र टिकली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या डाउवेनं हाक मारली, "अभिनंदन, वीबे."

"अरे, त्यात काय एवढं," म्हणत वीबेनं त्याला सेल कसा बसवला ते सविस्तर ऐकवलं. मग मेहुणीचा फोन आला. तिनंही अभिनंदन केलं, तिलाही सेलपुराण ऐकावं लागलं. बातमी इतक्या लवकर कशी पसरली याचं वीबेला नवल वाटलं, पण फार नाही. त्याची बायको हीस्के कॉफी करता करता सगळं ऐकत होती.

इतक्यात लॅपटॉप टुणकन वाजला. पडद्यावर आलं: आज हीस्केचा वाढदिवस.

त्यांच्याकडे बायकोच्या वाढदिवसाला लोक नवऱ्याचंही अभिनंदन करतात, हे वीबेला आत्ता आठवलं. त्यानं खिशातला स्क्रू चाचपला. तो नक्की लॅपटॉपचाच का, अशी त्याला शंका आली.

"तुझं अभिनंदन आटोपलं असेल," हीस्के म्हणाली, "तर आता माझंही कर."