सोळुंके मॅडमचा अंदाज

सोळुंके मॅडमच्या हातात कुठलीही वस्तू द्या, त्या आधी ती तळहातावर तोलून बघायच्या आणि विचारायच्या, "हे बनवायला खरंच किती खर्च आला असंल?" महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत त्या कॉस्टिंगच्या प्रमुख होत्या, मी खरेदी विभागात. मूळच्या लातूरकडच्या. मीटिंगमध्ये इंग्रजी फाडफाड बोलायच्या. राग आला की मात्र थेट गावची बोली.

एकदा आमच्याच मालकांच्या परदेशातल्या दुसऱ्या कंपनीकडून रबरी सील आली. जे एक सील चाकणमध्ये शे-दीडशेत कुणीही करून दिलं असतं, त्याचं बिल हजारोंचं. मॅडमनी सही केली नाही. डायरेक्टरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, सगळेच करतात. पैसा तिकडं न्यायचा, कर वाचवायचा, एवढंच."

"सगळेच करत असतील, तर साहेब, बेरीज किती होत असंल?"

महिन्याभरात त्यांची नोकरी गेली.

त्या प्रश्नानं मात्र त्यांना सोडलं नाही. रहाटणीच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांनी ती बेरीज मांडायला घेतली. आपल्या देशानं कितीचा माल घेतला म्हणून सांगितलं आणि समोरच्या देशानं कितीचा विकला म्हणून सांगितलं, ते आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. मधे फट दिसली की तिथं शोधायचं. आपल्यासारख्या गरीब देशांतून चोरवाटेनं किती पैसा बाहेर जातो, हे एकट्या माणसानं घरात बसून मोजायचं! मी थक्क व्हायचो.

"मी धूर मोजतेय," त्या म्हणायच्या. "विस्तव काय कुणी दाखवत नसतंय."

हळूहळू त्यांचा अंदाज अभ्यासकांच्या लेखांत येऊ लागला. वर्तमानपत्रांनी मथळे केले. आणि त्याच सुमारास कॅन्सरनं त्यांना गाठलं.

मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे हे हिशेब शिकणारी मुक्ता पलंगाशी अवघडून बसली होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, घेणारा देश जहाजाचं भाडं धरून किंमत लिहितो, विकणारा भाडं सोडून. आपण ते नीट वजा केलंच नाही. फटीतला बराच भाग नुसतं भाडं आहे."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर हाय तुझं. खोड तो आकडा."

मला राहवलं नाही. "मॅडम, लोक म्हणतील, सगळंच खोटं होतं."

"म्हणू देत की. आकडा फुगवून चोर सापडत नसतोय, भाऊ. उलट त्याला आयती पळवाट मिळते."

त्यांनी चष्मा मागितला, उशीला टेकून बसल्या आणि मुक्ताबरोबर पहिल्यापासून हिशेब सुरू केला. पुढचे काही आठवडे, अंगात बळ होतं तोवर, त्या तेच करत होत्या.

त्या गेल्यावर सुधारलेला अंदाज प्रसिद्ध झाला. आधीपेक्षा बराच लहान. तो खोडून काढायचा खूप जणांनी प्रयत्न केला. अजून कुणाला जमलेलं नाही.