मावशींची गोष्ट, माझं टोकन

ब्लॉगवरचा माझा एक लेख मी एका संकेतस्थळावर डिजिटल टोकन करून, म्हणजे मालकीची नोंद असलेली डिजिटल प्रत करून, विकायला ठेवला. आहुपे गावच्या देवराईत कुऱ्हाड चालवणारा आंधळा झाला, ही त्यातली गोष्ट मला तिथल्या एका मावशींनी सांगितली होती. विक्रीच्या फॉर्ममधल्या 'लिखाण संपूर्ण तुमचंच आहे का?' या प्रश्नापुढे मी बेधडक 'हो' केलं. वर फुशारकी मारायला आहुप्याला गेलो आणि मावशींना लेख वाचून दाखवला.

"पावणं, इकायच्या आदी मला इचारलं व्हतं का?" मावशी म्हणाल्या.

मी ओशाळून परवानगी मागितली.

"घ्या की. पण तो आंधळा न्हाई, बहिरा झाला व्हता. तेवढं नीट करा."

टोकनमधलं अक्षरही बदलता येत नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही. घरी येऊन विक्रीच बंद केली. तोवर एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, म्हणून अब्रू वाचली.