कागदावरचा पुफर

आमच्या जर्मन भाषेत पुफर म्हणजे बटाट्याचं धिरडं. वेळापत्रकात हाताशी ठेवलेला जादा वेळ, तोही पुफरच. आणि आम्हा हीटिंगवाल्यांचा पुफर म्हणजे गरम पाण्याची हजार लिटरची टाकी. एकेहार्ट वुटके गेली एकतीस वर्षं साहित्याच्या यादीत तेवढाच शब्द लिहीत आला: पुफर, एक. पुढे ‘टाकी’ असं लिहायची गरज त्याला कधी वाटली नाही. यादी वाचणाऱ्याला काम कळतं, असा त्याचा भाबडा समज होता.

कुणाचा बॉयलर भर हिवाळ्यात बसला, की आमची कंपनी गाडीवरचा बॉयलर नेऊन दारात उभा करते आणि दुरुस्तीपर्यंत घर उबदार ठेवते. अकरा वर्षं मी एकेहार्टच्या जोडीला आहे. माणूस मुलखाचा अबोल. कुठल्याही घरात गेला, अगदी लग्नाला गेला, तरी आधी खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर तळहात ठेवणार. ही सवय त्याला त्याच्या उस्तादांनी, त्शोखं यांनी लावली. हात ठेव, तापमापकाचा काटा नंतर बघ, असं ते म्हणत.

जानेवारीत वृद्धाश्रमाचा बॉयलर तडकला तेव्हा बाहेर उणे चौदा होतं. आत एकेचाळीस म्हातारे. चौदा नंबरच्या खोलीत स्वतः त्शोखं, शहाऐंशी वर्षांचे, छाती अधू. एकेहार्टने यादी पाठवली. ऑफिसात कामं वाटायला नवीन आलेल्या ब्रेमेने त्यातला पुफर लाल पेनाने खोडला. त्याला वाटलं, वुटके एक तास जादा मागतोय. कामचुकारपणा पकडला म्हणून गडी वर खूशही झाला. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं. न कळलेलं खोडण्याआधी एक फोन करायला काय झालं होतं?

टाकी वेगळ्या ट्रकने यायची, ती आलीच नाही. एकेहार्टने फोन लावला.

‘‘ती टाकी पाणी तापवते का?’’ ब्रेमेने विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग बॉयलर आहे ना तिथे? चालू करा. ट्रक परवाशिवाय मोकळा नाही.’’

बॉयलर होता, पण गरजेपेक्षा थोराड. आश्रमाला ऊब धरून ठेवणाऱ्या नव्या खिडक्या, नळ्यांत पाणी बेताचं. तीन मिनिटांत पाणी कढत व्हायचं, बर्नर बंद पडायचा, पाणी निवलं की पुन्हा पेटायचा. असं चारदोनदा झालं की यंत्र स्वतःला कुलूप लावून घेतं, बटण दाबेपर्यंत पेटत नाही. मध्ये टाकी असली तर ती उष्णता पोटात घेते आणि सावकाश घराला देते. एवढंच तिचं काम.

एकेहार्ट दिवसभर थंडीत त्या यंत्रापाशी बसून कुलूप काढायचं बटण दाबत राहिला. दुपारी मी त्याला जबरदस्तीने आत नेलं, तर तो थेट उस्तादांकडे गेला. ते दोन पांघरुणं घेऊन रेडिएटरला हात लावून बसले होते.

‘‘तापतं, गारठतं, तापतं. एकेहार्ट, पुफर कुठाय?’’

‘‘कागदावर होता, उस्ताद.’’

‘‘मग तो कागदच आण, पांघरतो.’’

मी हसले. एकेहार्ट हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सारखं पेटून पेटून, ठिणगी देणारा भागच जळला. खोल्यांत तेरा अंश. जिल्हा प्रशासनाच्या लोकांनी सगळ्यांना बसने शाळेच्या व्यायामशाळेत हलवलं. उस्तादांची चाकाची खुर्ची बसमध्ये चढवायला दहा मिनिटं लागली, उणे चौदात. एकेहार्टने आपलं जॅकेट त्यांच्या छातीवर घातलं आणि नुसत्या स्वेटरवर उभा राहिला. तिसऱ्या दिवशी नवा भाग आला, टाकीही आली. दोन तासांत सगळं घर सारखं उबदार झालं. संध्याकाळी म्हातारे परतले. उस्ताद न्यूमोनियाने दवाखान्यात गेले ते गेलेच.

त्यांना पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रेमे हस्तांतराचा, म्हणजे यंत्रणा नीट चालू करून आश्रमाच्या ताब्यात दिल्याचा, कागद घेऊन स्वतः आश्रमात आला. यंत्रणा उत्तम चालतेय, त्या दोन दिवसांचं काही लिहायला नको, खाली सही करा, असं म्हणाला. मी तोंड उघडणार, तोच एकेहार्टने त्याला जिन्याने वर नेलं. चौदा नंबरची खोली. पलंगावरची गादी गुंडाळलेली, भिंतीवर घड्याळाचा खिळा तेवढा.

‘‘हात ठेवा ब्रेमेसाहेब.’’

ब्रेमेने रेडिएटरवर हात ठेवला.

‘‘गरम आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘कुणासाठी?’’

ब्रेमेने हात काढून घेतला. एकेहार्टने वाकून त्या रेडिएटरची चावी बंद केली. कागदावर त्याने सही केली नाही, आणि मीही केली नाही.