दुपारी बोलणारा खांब

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते ती आवाजासकट. परवा व्हिडिओ कॉल मध्येच अडकला तेव्हा तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत, "आजी, तुमच्याकडे इंटरनेट हवेतून येतं का?" येतं. पण ते हवेतून यावं म्हणून आधी कुणीतरी खांबावर चढलेलं असतं. अशा एका माणसाची ही हकिकत. नाव कुणाचंच देत नाही. त्याची मुलगी आता शाळेत वरच्या वर्गात असेल, तिच्या वाटेत हे लिखाण येऊ नये.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी नागपूर जिल्ह्यात, कन्हान नदीच्या काठच्या भागात ठाणेदार होते. उन्हाळा होता. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल पाहत होते, तेव्हा नागपूरहून एक बाई आली. वय तिशीच्या आतबाहेर. मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती पोळ्या लाटत असे. नवरा विणकर घरातला. हातमाग बंद पडल्यावर तो खेडोपाडी वायरलेस इंटरनेटचे अँटेना बसवायच्या कामाला लागला होता. खाप्याजवळच्या एका गावी कामाला म्हणून निघाला, तो परतलाच नव्हता.

"मॅडम, मी रोज दुपारच्या सुट्टीत फोन लावते. रिंग जाते. उचलत नाई," ती म्हणाली.

माझा हवालदार जुना, अनुभवी आणि तोंडाचा फटकळ. "रिंग जाते म्हणजे माणूस ठणठणीत आहे ना, बाई. घरी भांडण झालं होतं का?"

"भांडण झालं असतं तं मी तुमच्या दारात आली असती का, भाऊ?"

बाई माझ्याकडे वळली. "सासरचे बोलून राहिले, तुह्या तोंडापायी पळाला. मोहल्ल्यातही तेच. पोरगी विचारते, बाबा काहून गेले. मॅडम, मले एवढंच पाहून द्या. ते पळाले का नाई पळाले. बाकी माहं मी पाहून घेईन."

मिसिंगची नोंद झाली. फोनचे कॉल रेकॉर्ड मागवले. फोन आमच्याच हद्दीत चालू होता. मोबाइल टॉवर दाखवतो तो परिसर मात्र मोठा असतो, त्यात तीन-चार गावं आणि नदीचा काठ येत होता. हवालदाराच्या मते प्रश्न सुटला होता. माणूस जवळपास लपून बसलाय, बायकोचा फोन घेत नाही, घरगुती मामला.

माझं मन मानेना. लपलेला माणूससुद्धा कुणाला तरी फोन करतो. मित्राला, भावाला, दुकानदाराला. या फोनवरून एकही कॉल गेला नव्हता. दुसरं म्हणजे तो एकदाही बंद झाला नव्हता. उन्हाळ्यात खेड्यातली वीज जाते-येते, जिवंत माणसाचा फोन कधीतरी मान टाकतोच. हा फोन थकत नव्हता. कुणीतरी त्याला रोज खाऊ घालत होतं आणि तो कुणाशी बोलत नव्हता.

त्या कामाच्या सुपरवायझरला चौकशीला बोलावलं. नागपूरचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. म्हणाला, "मॅडम, तो त्या दिवशी साइटवर आलाच नाही. छत्तीसगडकडे एका ठेकेदाराकडे चाललो, असं म्हणत होता. आमच्या धंद्यात लोक टिकत नाहीत." न विचारता त्याने त्या ठेकेदाराच्या गाडीचा रंगही सांगितला. खोटं बोलणारा माणूस नेहमी मागितल्यापेक्षा जास्त वाढतो, हे मी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच शिकले होते. पण खटकलं ते वेगळंच. कामगार हरवला की मालक विचारतो, "सापडला का?" हा मात्र पाणी पिऊन, ग्लास खाली ठेवून विचारत होता, "मॅडम, फोन अजून वाजतो का?" जाताना दारात थांबून त्याने पुन्हा तेच विचारलं.

संशय होता, आधार नव्हता. मी त्याला जाऊ दिलं.

आधार चालत आला तो बकऱ्या चारणाऱ्या एका म्हातारीच्या रूपाने. ती तक्रार द्यायला आली नव्हती. गावाबाहेर पाण्याच्या टाकीजवळ नवा खांब उभा झाला होता, तो काढून न्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"काहून काढायचा, आजी?" हवालदाराने विचारलं.

"त्याच्यातून पोरगी बोलते."

हवालदार हसला.

"हास गा, हास. तुह्या टोपीले मी नाई भेत," म्हातारी शांतपणे म्हणाली. "भर दुपारी, वारा पडला की बोलते. बापाले हाक मारते. माह्या बकऱ्या तिकडं जात नाईत आता. गावातल्या बायांनी हळदकुंकू वाहिलं, बांगड्या ठेवल्या. तरी बोलते."

"रोज दुपारीच?" मी विचारलं.

"रोज. बाराच्या नंतर. मंग गप्प होते."

मी त्या नागपूरच्या बाईला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, नवऱ्याच्या फोनची रिंगटोन कोणती. ती म्हणाली, "पोरीचा आवाज भरला होता, मॅडम. तिच्याच बोलण्याची रिंग होती." तिची दुपारची सुट्टी बारानंतर असते, हे तिने पहिल्या दिवशीच लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन आम्ही तिथे गेलो. बाईला बोलावलं, म्हातारी आपणहून आली, आणि सुपरवायझरलाही आणलं. त्याला कारण सांगितलं नाही.

जागा उजाड होती. तीन पायांचा लोखंडी खांब, वर इंटरनेटची थाळी तिरकी लोंबत असलेली, एक आडवा पाइप अर्धाच कसलेला. खांबाच्या अगदी अंगावरून शेतपंपांची अकरा हजार व्होल्टची वीजलाईन गेली होती. खांब जितका उंच, त्याहून जास्त अंतरावर अशी लाईन असायला हवी, म्हणजे खांब कोसळला तरी तारेला लागत नाही. इथे वर चढलेल्या माणसाने हातातला पाइप जरा फिरवला तरी तो तारेला लागला असता. माणसाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर खांबाला एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर सौर पॅनेल. बुडाशी हळदकुंकू, सुकलेली फुलं आणि लहान मुलीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या.

वारा पडला. टाकीच्या सावलीत बसलेले कावळेही गप्प होते. मी बाईला म्हणाले, "लाव."

तिने नंबर लावला. क्षणभर काहीच नाही. मग त्या तापलेल्या हवेत एक बारीक, दबलेला, लाडिक आवाज आला.

"बाबा, फोन उचल ना. बाबा, मी आहे ना इथं."

पुन्हा तेच. आणि पुन्हा.

म्हातारीने पदर तोंडाला लावला. पंचांपैकी एकजण नकळत मागे सरला. माझ्यासकट सगळ्यांच्या माना वर गेल्या होत्या, कारण आवाज स्पष्टपणे वरच्या पेटीतून येत होता. पोलिसाची एक सवय असते. सगळे जिकडे पाहतात तिकडे पाहून झालं, की तो माणसांकडे पाहतो. मी पाहिलं. एकच माणूस वर पाहत नव्हता. सुपरवायझर जमिनीकडे पाहत होता. खांबापासून थोड्या अंतरावर, बुजवलेल्या चौकोनी खड्ड्याच्या मातीकडे. आवाज पुन्हा आला तसा तो त्या मातीपासून एक पाऊल मागे सरकला.

"आवाज कुठून येतोय?" मी त्याला विचारलं.

त्याने रुमालाने तोंड पुसलं.

हवालदार शिडी लावून वर गेला आणि पेटी उघडली. आत बॅटरीशेजारी, चार्जरच्या वायरीला जोडलेला फोन होता. या कामातली माणसं वर चढताना वाटेतल्या पेटीत फोन ठेवतात, हे मला नंतर कळलं. खिशात असला की वाकताना पडतो, आणि तेवढ्यात चार्जिंगही होतं. झाकण त्याने धूळ जाऊ नये म्हणून लावून घेतलं असणार. सूर्य रोज उगवत होता आणि फोन रोज भरत होता.

तेवढ्यात मला खांबाच्या पायाशी गुंडाळलेली धातूची पट्टी दिसली. आमच्या ठाण्याच्या आवारात बिनतारी संदेशाचा खांब होता. त्याच्या बुडाशी अर्थिंगचा खड्डा होता. खोल खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून त्यात खांबाची पट्टी सोडतात, म्हणजे वीज पडली तर ती जमिनीत जाते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायची ड्यूटी मीच लावत असे. इथे खड्डा खणून बुजवला होता, आणि पट्टी मात्र वरच गुंडाळून राहिली होती.

"पट्टी बाहेर आहे," मी सुपरवायझरला म्हणाले. "मग खड्डा कशासाठी भरला?"

तो खाली बसला.

ठाण्यात त्याला पंख्याखाली बसवलं, चहा दिला. आवाज चढवायची गरजच पडली नाही. त्या दिवशी साइटवर दोघंच होते. खड्डा त्या हरवलेल्या माणसानेच सकाळी खणला होता. कोळसा-मिठाची पोती शेजारी ठेवून तो थाळी कसायला निघाला. चढण्याआधी त्याने लाईनकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, परमिट घेतलं ना? लाईन बंद आहे ना?" लाईन बंद करून घ्यायला वीज कार्यालयात जावं लागतं, तिथे वेळ मोडतो. सुपरवायझर गेलाच नव्हता.

"मी हाव म्हटलं, मॅडम," तो म्हणाला. "फोनवर बोलत होतो. नुसतं हाव म्हटलं."

पाइप तारेला लागला. माणूस खाली आला तो खड्ड्याच्या काठाशीच. परमिट नव्हतं हे उघड होईल या भीतीने याने त्याला त्याच खड्ड्यात सरकवलं आणि वरून कोळशाची आणि मिठाची सगळी पोती रिकामी करून माती लोटली. गावाला सांगितलं, अर्थिंग झालं, उरलेला सुटा भाग आला की थाळी बसेल.

"फोन त्याच्या खिशात असेल असं वाटलं होतं. मग त्याची बायको म्हणाली, रिंग जाते. मीपण एकदा लावून पाहिला. गेली रिंग." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, मातीच्या खाली, इतके दिवस. तेव्हापासून मला जमिनीवर पाय टेकवत नाही."

दुसऱ्या दिवशी तहसीलदार आणि डॉक्टरांसमोर खड्डा उघडला. मिठाने आपलं काम केलं होतं, देह ओळखण्याइतका टिकला होता. पत्नीने ओळख पटवली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणं आणि पुरावा नष्ट करणं, असे गुन्हे लागले.

पंचनामा चालू असताना ती बाई टाकीच्या भिंतीला टेकून उभी होती. म्हातारी तिच्याजवळ गेली. "तो आवाज कोणाचा होता वं, पोरी?"

"माह्या पोरीचा."

"कवा गेली?"

"गेली नाई, माय. शाळेत आहे आता. डबा देऊन आली मी तिले."

म्हातारी लगेच खांबाशी जाऊन वाकली आणि तिथल्या बांगड्या एकेक करून उचलू लागली, कुंकू पदराने पुसू लागली. जित्या लेकराच्या नावाने असं काही वाहिलेलं राहू नये, एवढंच ती पुटपुटत होती.

मग ती बाई माझ्याकडे आली. रडत नव्हती. "मॅडम, पळाले नाई ना ते?"

"नाही. चढण्याआधी खड्डा खणला होता, फोन बाजूला ठेवला होता, लाईन बंद आहे का तेही विचारलं होतं. त्यांनी काहीच चुकवलं नाही."

"हे कागदावर लिहून द्याल? सासऱ्याले वाचून दाखवाचं आहे."

मी लिहून दिलं. तसं प्रमाणपत्र देण्याची तरतूद कुठल्याही नियमात नव्हती. सही केली, शिक्का मारला.

माझ्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्या गुन्ह्यांत कुणाच्या तरी मनात राग होता नाहीतर लोभ. या प्रकरणात यातलं काहीच नव्हतं. होता तो एक शब्द, दुसऱ्याच बोलण्यात गुंतलेल्या तोंडून निघालेला. वरच्या माणसाने खालच्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवल्याशिवाय कुणाला चढताच येत नाही. तेव्हापासून मला अंधारापेक्षा असं सहज दिलेलं उत्तर जास्त भिववतं. फोन चालू असणं म्हणजे माणूस असणं नव्हे, आणि कुणी हो म्हटलं म्हणजे ते झालेलं असतं असंही नव्हे.

मागच्या आठवड्यात आपल्या समोरच्या गच्चीवर इंटरनेटची थाळी बसवायला दोघं आले होते. एक वर चढला. दुसरा खाली फाटकाशी मोबाइल पाहत बसला. वरच्याने ओरडून काहीतरी विचारलं. खालचा मान वर न करता म्हणाला, "हाव, हाव."

मी चपला घातल्या, खाली गेले आणि त्याला म्हटलं, "उठ. मेन स्विच दाखव मला."

"बंद आहे नं, आजी."

"दाखव."

तो कुरकुरत उठला, जिन्याखालची पेटी उघडली, आणि माझ्याकडे न पाहता चालू असलेला खटका बंद केला. मग मी गच्चीखाली जाऊन उभी राहिले. वरून तो मुलगा हसून म्हणाला, "आजी, उन्हात काहून उभ्या आहा?"

"काम कर तू," मी म्हणाले. "उतरलास की जाते."