शिनूला सांगायचं राहिलं

कुमुद गेली त्या सकाळी बातमी मला कोणी दिली नाही. मी तिच्या उशाशीच बसलो होतो. बातमी द्यायचं काम मात्र माझ्याकडे आलं आणि ते मी मुकाट्याने केलं. सटाण्याला तिच्या भावाला फोन लावला, शाळेतल्या मैत्रिणींना कळवलं, दारात येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच पुन्हा सांगितलं. आम्हाला मूल नाही, हे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला प्रश्न पडायला नको. एकाच माणसाला कळवायचं उरलं होतं. तैवानमधली एक चौदा वर्षांची मुलगी. चौथ्या दिवशी रविवार आला, कुमुदच्या फोनवर नेहमीप्रमाणे त्या मुलीच्या आवाजातलं वाचन येऊन पडलं, आणि मी काय करावं? वर केलेल्या अंगठ्याचं ते पिवळं चित्र असतं ना, ते पाठवून दिलं. कुमुदच्या फोनवरून, कुमुदच्या नावाने. पुढच्या रविवारीही तेच केलं... आणि त्याच्या पुढच्याही.

आता आमची ओळख. मखमलाबादच्या पुढे आमची फुलशेती आहे. गुलाब, शेवंती, दसऱ्याला झेंडू. दहावीला मी इंग्रजीत दोनदा आपटलो, तेव्हा वडील म्हणाले, पुरे झाली शाळा, खुरपं धर. अशा माणसाच्या गळ्यात देवाने इंग्रजीची बाई बांधली! कुमुद हायस्कूलला इंग्रजी शिकवायची आणि घरी आली तरी तिच्यातली बाई काही उतरायची नाही. रस्त्यात दुकानाच्या पाटीवर चुकीचं स्पेलिंग दिसलं की गाडी थांबवायला लावून आत जायची आणि मालकाला सांगून यायची. मी बाहेर स्कूटरवर मान खाली घालून बसलेला असायचो. लोकांना ती तुसडी वाटायची. मलाही कधी कधी वाटायची, खोटं कशाला बोलू?

ती निवृत्त झाली त्याच वर्षी आमच्या मागच्या बंगल्यात एक कुटुंब भाड्याने राहायला आलं. वडील इंजिनीअर, सिन्नरच्या एका कारखान्यात मशिनरी बसवायला आलेले. गल्लीने त्यांना ‘चायनावाले’ करून टाकलं. ते तैवानचे आहेत, हे कुमुदने एकेकाला थांबवून सांगितलं, पण घरात बोलणं चिनी, त्यामुळे ऐकतंय कोण! मुलगी दहा वर्षांची. नाव शिन्यी. आमच्या घरालगतच्या शेडमध्ये फुलांच्या जुड्या बांधणाऱ्या बायकांनी आठवड्याच्या आत तिची शिनू केली. इंग्रजी शाळेत पाचवीत नाव घातलं होतं, पण पोरगी वर्गात तोंडच उघडेना. शाळेने सांगितलं, दिवाळीनंतर वाचनाची परीक्षा घेऊ, जमली तर पाचवी, नाहीतर तिसरीत बसवू. तिची आई आमच्या दारात आली, हातातल्या फोनशी तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि फोन हिंदीत कुमुदला म्हणाला, ‘मेरी बेटी को बचा लीजिए.’ यंत्राने आपल्या परीने भाषांतर केलं असेल, पण कुमुद तेवढ्यावर हो म्हणाली.

व्याकरणाची गंमत मला तेव्हा पहिल्यांदा कळली. त्यांच्या भाषेत म्हणे काल गेलो, आज जातो, उद्या जाईन, या सगळ्याला क्रियापद एकच, ते बदलत नाही. शिनूच्या डोक्यात इंग्रजीचे काळ शिरेनात. मग कुमुद तिला घेऊन शेडमध्ये आली. टेबलावर तीन फुलं मांडली. कालचं सुकलेलं, आजचं उमललेलं आणि उद्याची कळी. प्रत्येकावर बोट ठेवून त्या त्या काळातलं वाक्य म्हणायचं. पंचाईत अशी की माझा माल रोज पहाटे बाजारात जाणारा, सुकलेलं फूल मी आणू कुठून? मग रोज एक गुलाब मागे ठेवायला लागलो. बायका मला हसायच्या.

वाचन शिकवायची कुमुदची रीत तर औरच होती. ती म्हणायची, ‘नुसते शब्द उच्चारले म्हणजे वाचलं असं होत नाही. ज्याला इंग्रजीचा गंध नाही, त्याला तू वाचलेलं सांगता आलं पाहिजे.’ आणि मग माझ्याकडे हात करून, ‘असा माणूस शोधायला लांब जायला नको.’ झालं! रोज दुपारी चार वाजता शिनू पालथ्या क्रेटवर माझ्यासमोर बसायची. मी जुड्या बांधायचो. ती एक पान इंग्रजीत वाचायची, पुस्तक मिटायची आणि त्यात काय होतं ते मला सांगायची. हातवारे करून, चित्र काढून, बायकांकडून उचललेल्या मराठीतून. इंग्रजी शब्द वापरायला बंदी. मग कुमुद घरातून आवाज द्यायची, ‘कळलं का हो?’ आणि मी उत्तर द्यायचं.

काय सांगू, माझ्या तोंडून ‘नाही’ निघायचंच नाही. ती पोर जीव तोडून सांगायची, ओठावर घाम यायचा, डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले. मला तिच्या जागी दोनदा नापास झालेला मी दिसायचो. मी म्हणायचो, ‘कळलं, कळलं! एकदम झकास.’ तिचा चेहरा असा फुलायचा की मलाच पुण्य लागल्यासारखं वाटायचं. दोन महिने हे असंच चाललं. परीक्षेत तिने धडा घडाघडा वाचून दाखवला, एकदाही अडखळली नाही. मग तिथल्या बाईंनी विचारलं, यातला म्हातारा का रागावला? शिनू गप्प. दुसरा प्रश्न, गप्प. तिसरा, गप्प. तिला तिसरीत बसवलं. आठ वर्षांच्या पोरांच्या बाकावर, जिथे तिचे गुडघे मावत नव्हते.

त्या दिवशीही ती चारला आली, क्रेटवर बसली, पण पुस्तक उघडेना. कुमुदने तिला मागच्या आठवड्यातला धडा मला सांगायला लावला. तिने मान खाली घालून सांगितला. मग कुमुद माझ्याकडे वळली, ‘आता तुम्ही सांगा. काय समजलं?’ मी आपलं काहीतरी जुळवलं, ‘एक म्हातारा असतो... त्याची बोट असते...’ त्या धड्यात बोट कुठेच नव्हती. कुमुद चिडली नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाली, ‘दया नाही केलीत तुम्ही. तिला एकटीला सोडून दिलंत.’ पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिथून पुढे मी खरं बोलायला शिकलो, त्या वयात. ‘नाही समजलं, शिनू.’ पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तिचे डोळे भरून आले. चौथ्यांदा म्हणालो तेव्हा तिने पुस्तक फेकून दिलं. मी उठून आणून दिलं आणि म्हणालो, पुन्हा सांग. एक धडा समुद्रातल्या दीपस्तंभाचा होता. मी उभ्या आयुष्यात समुद्र दोनदा पाहिलेला, तोही दुपारी. तीन दिवस मला काही उमगेना. शेवटी ती एकावर एक ठेवलेल्या क्रेटवर चढली, हातात बॅटरी घेऊन स्वतःभोवती गरागरा फिरायला लागली आणि शेडमधल्या बायकांना तिने जहाजं करून खाली पळायला लावलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘अगं, म्हणजे इकडे खडक आहे, येऊ नका, असं सांगायचं!’ पोरगी एवढ्यांदा किंचाळली की कुमुद कणकेच्या हातांनी धावत आली. वर्षभराने शाळेने तिची पुन्हा परीक्षा घेतली आणि तिला तिच्या वयाच्या मुलांच्या वर्गात नेऊन बसवलं. कुमुदने गल्लीत पेढे वाटले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कोणाच्या निकालाला तिने पेढे वाटल्याचं मला आठवत नाही.

मग दोनेक वर्षांनी कुमुदचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, रिपोर्ट मी आणायला गेलो. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती आणि माझ्याच्याने तोवर धीर धरवेना. गल्लीत कोणाला दाखवला असता तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. कुमुद आत झोपली होती. चार वाजता शिनू आली आणि मी तो कागद तिच्या हातात दिला. तेरा वर्षांच्या मुलीच्या! अक्कल गहाण टाकली होती मी. तिने आधी मनात वाचला. मग इतकी वर्षं करत आली तसा कागद मिटला, स्वतःच्या पोटावर उजवीकडे हात ठेवला आणि म्हणाली, ‘आजोबा, इथं. लय वाईट हाय. पसरलंय.’

‘नाही समजलं,’ मी म्हणालो.

तिने फुलं गुंडाळायच्या रद्दीवर एक गोल काढला, त्यातून बाहेर जाणारे ठिपके काढले. मी पुन्हा म्हणालो, नाही समजलं. तिसऱ्यांदा तिने चित्र काढलं नाही. माझ्या हातातली जुडी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि हळूच म्हणाली, ‘समजलं तुम्हाला.’ मग आम्ही दोघं रडलो, पण आवाज न करता, कारण कुमुद आत झोपली होती.

पुढे काही महिन्यांनी तिच्या वडिलांचं इथलं काम संपलं आणि ते परत गेले. जाताना कुमुदने तिला बजावलं, दर रविवारी एक पान वाचून पाठवायचं, सुट्टी नाही. तीही पाठवायची आणि कुमुद ऐकून चुका बोलून पाठवायची. तिसरी ओळ पुन्हा वाच. शेवटचा शब्द गिळलास. इथे थांबायला हवं होतं. कौतुक कधीच नाही, फार झालं तर ‘बरं आहे’. हाताला सलाईन असायचं, नर्स खोळंबून उभी राहायची, पण ही एकही चूक सोडायची नाही. कुमुद जायच्या आधीच्या रविवारी तिचा आवाज मला शेजारी बसून नीट ऐकू येत नव्हता. डोळे मिटूनच तिने पान ऐकलं, दोन चुका सांगितल्या आणि दमून भिंतीकडे तोंड केलं.

मग तो पहिला अंगठा. मी स्वतःला समजवायचो, तिची तिकडे परीक्षा असेल, पोर खचेल, पुढच्या रविवारी सांगू. खरं कारण वेगळं होतं. साऱ्या जगात एकाच ठिकाणी कुमुद अजून होती. तिथे कोणीतरी तिच्यासाठी धडा तयार करत होतं. तेवढी जागा मला मोडवत नव्हती. पण दर रविवारी अंगठा पाठवला की कुमुदचं ते वाक्य कानात यायचं... तिला एकटीला सोडून दिलंत. दुसऱ्यांदा मी तेच करत होतो, आणि या वेळी मला ओरडायला घरात कोणी नव्हतं.

सहा रविवार असे गेले. सातव्या रविवारी, म्हणजे मागच्याच, वाचन यायच्या आधी मी कुमुदच्या फोनवरून तिला फोन लावला. तिने उचलला आणि म्हणाली, ‘आजोबा?’

फोन कुमुदचा, नंबर कुमुदचा, आणि ती म्हणाली ‘आजोबा’. तरी मी ठरवलेलं सांगितलं. ‘शिनू, मॅडम गेल्या गं. दीड महिना झाला. ते अंगठे मी पाठवत होतो.’

ती म्हणाली, ‘माहीत हाय, आजोबा.’ पहिल्याच रविवारी तिची एक चूक झाली होती आणि मॅडम काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी तिने मुद्दाम चार चुका केल्या. मग दहा. ‘मागच्या वेळेला तर सगळंच चुकीचं वाचलं,’ ती म्हणाली. आणि मी, इंग्रजीचा ओ की ठो कळत नसलेला, कान देऊन ते ऐकत होतो आणि अंगठे पाठवत होतो.

‘अगं मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही ऐकत होता ना. एकटेच.’

मला रडू फुटलं. तीही रडत होती, ते ऐकू येत होतं. मग नाक ओढून म्हणाली, ‘थांबा. ते सगळं आता बरोबर वाचते.’ मी फोन टेबलावर कुमुदच्या खुर्चीसमोर ठेवला आणि बाजूच्या स्टुलावर बसलो, नेहमी बसायचो तसाच. ती एकेक पान वाचत गेली, सावकाश, थांबायचं तिथे थांबत. सहाच्या सहा रविवारांची पानं तिने वाचली. शेवटचं वाक्य झालं आणि ती गप्प झाली. इथे असताना मॅडमने चुका सांगाव्यात म्हणून ती वाचून झालं की थांबायची, तशीच थांबली असावी. मीही खुर्चीकडे बघत थांबलो.